रविवारचा नेम

दिनांक ६ जुलै १९२४. त्या दिवशी रविवार होता. पॅरिसजवळच्या कोलोंब येथील क्रीडांगणावर ऑलिंपिक सामन्यांतील शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या चालू होत्या. निरनिराळ्या देशांचे वेगवान धावपटू एकामागून एक रेषेवर येऊन उभे राहत होते. परंतु ज्याच्याकडे ब्रिटनच्या क्रीडाप्रेमी जनतेचे डोळे वर्षभर लागलेले होते, तो बावीस वर्षांचा स्कॉटिश विद्यार्थी मैदानावर कोठेच नव्हता. त्याला दुखापत झाली नव्हती, की निवड समितीने त्याला वगळले नव्हते. त्याने तो दिवस ईश्वराच्या उपासनेत घालवला. त्याचे नाव एरिक हेन्री लिडेल.

ही गोष्ट आज पुष्कळांना ठाऊक आहे, ती प्रामुख्याने १९८१ साली निघालेल्या 'चॅरियट्स ऑफ फायर' ह्या चित्रपटामुळे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. तथापि चित्रपटाला नाट्य हवे असते. म्हणून तेथे लिडेल ह्यांना शर्यत रविवारी असल्याचे वृत्त फ्रान्सला जाणाऱ्या बोटीवर चढताना कळते. मग युवराज आणि सरदार मंडळी त्यांना एका दालनात घेरतात, आणि ऐन वेळी एक उमदा सहकारी आपली चारशे मीटरची जागा त्यांना देऊ करतो. प्रत्यक्षात असे काही घडले नाही. सामन्यांचे वेळापत्रक कित्येक महिने आधी कळलेले होते आणि लिडेल ह्यांनी आपला नकारही तेव्हाच, गाजावाजा न करता, कळवला होता. खरा इतिहास चित्रपटापेक्षा कमी झगझगीत, पण अधिक विचार करायला लावणारा आहे.

रविवारी धावण्यात एवढे वावगे ते काय, असा प्रश्न आपल्याकडील वाचकाच्या मनात साहजिकच येईल. यहुदी लोकांचा विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस म्हणजे शनिवारचा शब्बाथ. येशू ख्रिस्त रविवारी पुनरुत्थित झाला ह्या श्रद्धेमुळे ख्रिस्ती लोकांनी तो मान रविवारला दिला. हा दिवस पवित्र पाळावा ही मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी एक. कॅथलिक लोक तिला तिसरी म्हणतात, तर स्कॉटलंडमधील सुधारित पंथाचे लोक चौथी. आज्ञा मात्र एकच. ती पाळावी कशी, ह्याविषयी मतभेद फार जुना आहे. कॅथलिक देशांत सकाळी चर्चमध्ये मिस्सा ऐकावी, कष्टाची कामे टाळावी आणि दुपारनंतर मुलांनी खेळावे, मोठ्यांनी भेटीगाठी घ्याव्या, अशी रीत पडली. स्कॉटलंडमध्ये मात्र जॉन नॉक्सच्या काळापासून कडक वळण रुजले. दुकाने बंद, खेळ बंद. भाविक घरांत रविवारी वर्तमानपत्रही उघडले जात नसे.

ह्या मतभेदाने एके काळी राजकारणही पेटवले होते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याने १६१८ साली एक जाहीरनामा काढून रविवारी उपासना झाल्यावर धनुर्विद्या, उड्या, नृत्य अशा करमणुकींना मोकळीक दिली. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स ह्याने १६३३ मध्ये तोच जाहीरनामा पुन्हा प्रसिद्ध केला. कर्मठ प्युरिटन लोकांचा त्यावर इतका रोष, की १६४३ मध्ये संसदेच्या हुकुमाने त्याच्या प्रती जाहीरपणे जाळण्यात आल्या. तेव्हा १९२४ साली पॅरिसच्या संयोजकांनी रविवारी शर्यती ठेवल्या त्यात धर्माची अवहेलना करण्याचा हेतू नव्हता. फ्रान्समधील रविवार आणि स्कॉटलंडमधील रविवार हे एकाच धर्माचे असूनही दोन निराळे दिवस होते, इतकेच.

लिडेल ह्यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएनत्सिन, म्हणजे आजचे तियानजिन, ह्या शहरी झाला. त्यांचे आईवडील लंडन मिशनरी सोसायटीचे कार्यकर्ते होते. ह्या संस्थेचे नाव बेळगावकरांना अपरिचित वाटू नये. तिनेच १८२० मध्ये बेळगावात आपले काम सुरू केले होते. मिशनरी कुटुंबांच्या त्या काळच्या रीतीप्रमाणे सहा वर्षांच्या एरिकला आणि त्याच्या थोरल्या भावाला इंग्लंडमधील वसतिगृहात ठेवून आईवडील चीनला परतले. मिशनरींच्या मुलांसाठी असलेली ही शाळा पुढे एल्थम कॉलेज ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. वर्षानुवर्षे घरापासून दूर राहिलेल्या त्या मुलाला दोन गोष्टींचा आधार होता : एक प्रार्थनेचा आणि दुसरा मैदानाचा.

पुढे एडिंबरो विद्यापीठात विज्ञान शिकत असता त्यांचे पाय देशभर गाजू लागले. १९२२ आणि १९२३ ह्या दोन वर्षांत ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघातून सात सामने खेळले. जुलै १९२३ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी शंभर यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. हा ब्रिटिश उच्चांक पुढे अनेक वर्षे अबाधित राहिला. त्याच महिन्यात स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते धावपट्टीबाहेर पडले. उठेपर्यंत इतर धावपटू वीसेक यार्ड पुढे निघून गेले होते. लिडेल उठले, धावू लागले, एकेकाला गाठत त्यांनी ती शर्यत जिंकली आणि अंतिम रेषा ओलांडताच कोसळले. त्यांची धावण्याची ढब मुळीच शास्त्रशुद्ध नव्हती. डोके मागे टाकलेले, तोंड उघडे, हात हवेत भिरभिरत. पाहणाऱ्याला हसू यावे. पण निकाल पाहून हसू ओसरत असे.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जी बाहेरच्या जगाला तितकीशी महत्त्वाची वाटली नाही. स्वभावाने अतिशय संकोची असलेल्या ह्या तरुणाला डी. पी. टॉमसन नावाच्या एका प्रचारकाने आर्माडेल ह्या खाणकामगारांच्या गावी बोलावून नेले, आणि एप्रिल १९२३ मध्ये लिडेल प्रथमच लोकांसमोर उभे राहून आपल्या श्रद्धेविषयी बोलले. ते वक्ते नव्हतेच. परंतु एकदा चारचौघांत एखादा नेम बोलून दाखवला, की तो पाळण्याची जबाबदारी वाढते. पंढरीची वारी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पॅरिसचे वेळापत्रक हाती आले तेव्हा शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी ६ जुलैला असल्याचे दिसून आले. चारशे मीटरची आणि शंभर मीटरची सांघिक शर्यत ह्यांचे अंतिम सामने पुढच्या रविवारी, १३ जुलैला होते. लिडेल ह्यांनी तिन्ही शर्यतींतून अंग काढून घेतले. वेळापत्रक बदला, असा आग्रह त्यांनी धरला नाही. रविवारी धावणारे इतर खेळाडू पापी आहेत, असा शब्दही त्यांनी उच्चारला नाही. मी धावणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ह्या नकारावर लोकांचा रोष झाला. वर्तमानपत्रांतून टीका आली. त्यांच्या देशनिष्ठेविषयी शंका घेतल्या गेल्या. पहिले महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. घरोघरी मुलगे रणांगणावर पडले होते आणि देशासाठी काहीही करावे ही भावना अजून ताजी होती. त्या पार्श्वभूमीवर शंभर यार्डांचा राष्ट्रीय विजेता केवळ वार रविवारचा आहे म्हणून देशाचे सुवर्णपदक सोडून देतो, हे अनेकांना आढ्यतेचे, किंबहुना कृतघ्नपणाचे वाटले.

टीकाकारांना निव्वळ उथळ म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. खेळाडू एकटा धावतो, पण त्याला तेथवर पोहोचवणारे लोक पुष्कळ असतात. शिवाय सांघिक शर्यतीतील माघारीची किंमत एकट्या लिडेल ह्यांनी मोजली नाही. १३ जुलैच्या चारशे मीटरच्या सांघिक शर्यतीत त्यांच्याविना धावलेला ब्रिटिश संघ तिसरा आला. दुसऱ्या आलेल्या स्वीडनच्या आणि त्यांच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता. चार सहकाऱ्यांचे रौप्यपदक कदाचित ह्या एका माणसाच्या नेमामुळे हुकले. धर्माच्याच आधाराने प्रतिवाद करावयाचा तर शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथसाठी नाही, ह्या अर्थाचे स्वतः येशूचे बोलही शुभवर्तमानात आहेत. हा आक्षेप हलका नाही, आणि लिडेल ह्यांच्या आयुष्यात तो पुन्हा एकदा समोर येणार होता.

नेम कोणाचा, हा प्रश्न अशा प्रसंगी फार महत्त्वाचा ठरतो. ह्याच पॅरिस शहरी चोवीस वर्षांपूर्वी, १९०० सालच्या ऑलिंपिक सामन्यांत, एक बोलका प्रसंग घडला होता. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचा विद्यार्थी मेयर प्रिन्स्टीन हा लांब उडी मारण्यात अग्रेसर होता. शनिवारी झालेल्या पात्रता फेरीत ७ मीटर १७.५ सेंटिमीटर उडी मारून तो पहिला राहिला. अंतिम फेरी रविवारी होती. मेथडिस्ट पंथाने स्थापन केलेल्या त्याच्या विद्यापीठाने रविवारी खेळण्यास मनाई केली. वस्तुतः प्रिन्स्टीन यहुदी होता. त्याचा स्वतःचा शब्बाथ शनिवार, आणि त्या शनिवारी तो उडी मारून मोकळा झाला होता! दुसऱ्यांच्या रविवारसाठी त्याला मैदानाबाहेर बसावे लागले. त्याचा देशबांधव आल्विन क्रेन्झलीन रविवारी मैदानात उतरला आणि एका सेंटिमीटरने त्याच्या पुढे गेला. दुसऱ्या दिवशी प्रिन्स्टीनने तिहेरी उडीचे सुवर्णपदक जिंकले, ही गोष्ट निराळी.

लिडेल आणि प्रिन्स्टीन, दोघेही रविवारी मैदानाबाहेर राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंग सारखेच दिसतील. पण एकाने आपला नेम आपण पाळला आणि दुसऱ्यावर परक्याचा नेम लादला गेला. पहिल्याला श्रद्धा म्हणतात, दुसऱ्याला सक्ती. एकादशी करणारा माणूस स्वतः उपाशी राहतो तोवर त्याच्याविषयी आदर वाटतो. शेजाऱ्याच्या पोराच्या हातातली भाकरी काढून घेऊ लागला, की तो आदर संपतो.

नकार दिल्यावर लिडेल हात जोडून बसले नाहीत. त्यांचे मार्गदर्शक टॉम मॅकर्चर ह्यांच्या देखरेखीखाली त्यांनी दोनशे आणि चारशे मीटरच्या शर्यतींची तयारी केली. चारशे मीटर हा त्यांचा मूळचा प्रांत नव्हता. जून १९२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी ४४० यार्ड जिंकले, पण ४९.६ सेकंद ही वेळ पाहून अमेरिकन धावपटूंची झोप उडावी असे काही नव्हते.

पॅरिसला शंभर मीटरचे सुवर्णपदक ७ जुलै रोजी हॅरल्ड अब्राहम्स ह्यांनी जिंकले. लिथुआनियातून आलेल्या यहुदी पित्याचे हे पुत्र. त्यांनाही आपल्या धर्मामुळे इंग्रज समाजात टोमणे सोसावे लागले होते. ९ जुलैच्या दोनशे मीटरच्या शर्यतीत अमेरिकेचे जॅक्सन शोल्झ आणि चार्ली पॅडॉक ह्यांच्या मागोमाग लिडेल तिसरे आले. त्या सामन्यांत आपल्या देशाचाही लहानसा चमू उतरला होता. चार वर्षांपूर्वी अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावून आले होते, त्याच परंपरेतला हा पुढचा प्रयत्न.

चारशे मीटरची अंतिम शर्यत शुक्रवारी, ११ जुलैला होती. आदल्या दिवशीच्या फेरीत स्वित्झर्लंडच्या योसेफ इंबाख ह्यांनी ४८ सेकंद अशी वेळ दिली होती. उपांत्य फेरीत अमेरिकेच्या होरेशियो फिच ह्यांनी ती आणखी खाली, ४७.८ सेकंदांवर आणली. त्या दिवशी सकाळी ब्रिटिश संघाच्या एका मालिश करणाऱ्या सेवकाने लिडेल ह्यांच्या हाती घडी घातलेली एक चिठ्ठी दिली. जो ईश्वराचा मान राखतो त्याचा मान ईश्वर राखतो, ह्या आशयाचे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील वचन तिच्यात होते. ज्या संघाच्या गौरवाला लिडेल ह्यांनी धक्का लावला असे बाहेर बोलले जात होते, त्याच संघातील एका साध्या माणसाची ही चिठ्ठी. मोठ्या टीकेच्या काळात अशी एखादी लहानशी चिठ्ठीही माणसाला पुरते.

लिडेल ह्यांच्या वाट्याला सर्वांत बाहेरची रेषा आली. त्या जागेवरून धावणाऱ्याला आपले प्रतिस्पर्धी दिसत नाहीत. आपण पुढे आहोत की मागे, हे केवळ अंदाजानेच ठरवावे लागते. त्यांनी काही राखून न ठेवता आरंभापासूनच सुसाट वेग घेतला. पहिले दोनशे मीटर २२.२ सेकंदांत संपले. हा माणूस शेवटी थकून मागे पडणार, असे जाणकारांना वाटले. तो पडला नाही. ४७.६ सेकंदांत लिडेल पहिले आले आणि ऑलिंपिकचा नवा उच्चांक झाला. फिच दुसरे आणि ब्रिटनचेच गाय बटलर तिसरे. इंबाख वाटेत अडखळून पडले.

लगेच हवा पालटली. कालपर्यंत ज्याला हट्टी म्हणत होते त्याला आज वीर म्हणू लागले. १७ जुलै रोजी एडिंबरो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात कुलप्रमुख सर आल्फ्रेड यूइंग ह्यांनी प्राचीन ग्रीक प्रथेप्रमाणे त्यांच्या मस्तकावर पानांचा मुकुट ठेवला, आणि ह्यांना परीक्षकाखेरीज कोणी मागे टाकू शकत नाही, अशा अर्थाची कोटी केली. विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन सेंट जाइल्स चर्चपर्यंत मिरवत नेले.

परंतु ह्या मिरवणुकीवरून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो, आणि तो धर्मोपदेशकांच्या तोंडूनही ऐकू येतो. लिडेल ह्यांनी रविवार पाळला म्हणून देवाने त्यांना सुवर्णपदक दिले, असा तो निष्कर्ष. मग इंबाख पडले ते कोणत्या पापामुळे? आणि रविवारी प्राथमिक फेरी धावून सोमवारी सुवर्णपदक मिळवणारे अब्राहम्स? श्रद्धेचे मोल पदकाच्या तराजूत करू लागलो तर शर्यत हरणाऱ्या प्रत्येक भाविकाची श्रद्धा खोटी ठरेल. शुक्रवारी लिडेल शेवटचे आले असते, तरी रविवारचा त्यांचा निर्णय तितकाच खरा राहिला असता. फक्त लोकांनी तो क्षमा केला नसता. विजयामुळे लोकांचे मत बदलले. निर्णयाचे मूल्य त्यामुळे तिळभरही वाढले नव्हते. ज्यांनी निंदा केली आणि ज्यांनी खांद्यावर घेतले, ते दोघेही निकालाकडे पाहत होते. त्या माणसाची दृष्टी दुसरीकडेच होती.

ह्याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. कीर्ती ऐन भरात असताना, १९२५ साली, लिडेल चीनला निघून गेले. तिएनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात ते मुलांना विज्ञान शिकवू लागले आणि त्यांच्या खेळांकडेही पाहू लागले. १९३२ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेन्झी ह्या कॅनेडियन मिशनरी कुटुंबातील युवतीशी त्यांचा विवाह झाला. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. त्यानंतर लिडेल शहरातील शाळा सोडून श्याओछांग ह्या युद्धाने पोळलेल्या ग्रामीण भागात गेले. तेथील इस्पितळात त्यांचे थोरले बंधू डॉक्टर होते. १९४१ मध्ये परिस्थिती बिकट झाली तेव्हा त्यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले व स्वतः मागे राहिले. तिसऱ्या मुलीचे तोंड त्यांना कधीच पाहायला मिळाले नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना शान्तुंग प्रांतातील वेइश्येन येथील छावणीत डांबले. पूर्वीच्या एका अमेरिकन मिशनच्या आवारात सुमारे दीड हजार स्त्री-पुरुष-मुले कोंबलेली होती. व्यापारी, शिक्षक, निरनिराळ्या पंथांचे मिशनरी. आरंभीच्या काही महिन्यांत शेकडो कॅथलिक धर्मगुरू आणि जोगिणीही तेथे होत्या. आईवडिलांपासून तुटलेली एका मिशन शाळेची मुलेही नंतर तेथे आणली गेली. सहाव्या वर्षी घर सुटलेल्या लिडेल ह्यांना त्या मुलांचे दुःख कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुले त्यांना 'अंकल एरिक' म्हणत. ते त्यांना विज्ञान शिकवीत, त्यांचे सामने भरवीत, मोडक्या हॉकीच्या काठ्या फाटक्या चादरींच्या पट्ट्यांनी बांधून देत. एका हिवाळ्यात त्यांनी आपले जुने, दुरुस्त केलेले धावण्याचे बूट एका अनवाणी मुलाला देऊन टाकले. त्या छावणीत राहिलेल्या लँग्डन गिल्की ह्या अमेरिकन लेखकाने १९६६ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. छावणीतील धार्मिक लोकांचा स्वार्थही त्याने निर्भीडपणे उघडा केला आहे. पण लिडेल ह्यांच्याविषयी लिहिताना त्याची लेखणी संतापुढे नमावी तशी नमते.

ह्याच छावणीत तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. रविवारी खेळ नाही, असा तेथे शिरस्ता होता. कोंडलेल्या वाढत्या वयाच्या मुलांना तो जाचू लागला. एका रविवारी त्यांनी आपसांत हॉकीचा सामना भरवला. पंच नव्हता, थोड्याच वेळात खेळाची मारामारी झाली. पॅरिसमध्ये सुवर्णपदकाचा मोह ज्याला रविवारी मैदानावर आणू शकला नव्हता, देशाचा आग्रह आणि लोकांची निंदा ज्याला आणू शकली नव्हती, तो माणूस आता काय करणार? छावणीतील सोबत्यांनी पुढे सांगितले आहे, की त्यानंतरच्या रविवारी लिडेल स्वतः मैदानावर आले आणि पंच म्हणून उभे राहिले.

काहींना ही माघार वाटेल. पण नीट पाहिले तर दोन्ही रविवारांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. पॅरिसला मैदानावर जाणे म्हणजे स्वतःच्या नावलौकिकासाठी नेम मोडणे होते. वेइश्येनला मैदानावर जाणे म्हणजे पोरक्या पोरांनी एकमेकांची डोकी फोडू नयेत म्हणून आपला नेम बाजूला ठेवणे होते. स्वतःच्या लाभासाठी जो तसूभर हलला नाही, तो मुलांसाठी हलला. शब्बाथ माणसासाठी आहे, हा पॅरिसच्या वेळी ज्याचे उत्तर देणे अवघड होते तो आक्षेप त्यांनी वादाने खोडला नाही. आपल्या कृतीने त्याचा खरा अर्थ दाखवला.

हळूहळू त्यांचे डोके असह्य दुखू लागले. अतिश्रम आणि मनाचा शीण, असे प्रथम समजले गेले. प्रत्यक्षात तो मेंदूतील अर्बुदाचा आजार होता. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, पत्नीला अखेरचे पत्र लिहून, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. १७ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकन सैनिकांनी विमानातून उतरून छावणी मुक्त केली. सहा महिन्यांचे अंतर राहिले होते. १९९१ साली एडिंबरो विद्यापीठाने त्या जागी, म्हणजे आजच्या वेइफांग शहरात, स्कॉटलंडहून नेलेल्या ग्रॅनाइटचे स्मारक उभारले.

श्रद्धावान माणसाची आणि समाजाची अशी टक्कर पुढेही होत राहील. मैदानावर होईल, शाळेत होईल, कचेरीत होईल. अशा वेळी समाज लगेच दोन पक्षांत विभागतो. एक निंदेचे दगड वेचतो, दुसरा जयजयकाराची फुले. लिडेल ह्यांच्या आयुष्यात त्या दोघांनीही घाई केली. कोणाचा नेम खरा आणि कोणाचा हट्ट, हे ओळखण्यासाठी त्याने काय नाकारले एवढेच पाहून भागत नाही. त्या नेमाचे ओझे तो कोणाच्या खांद्यावर ठेवतो, आणि दुसऱ्याचे ओझे उचलण्याची वेळ आली म्हणजे तो कोठे उभा असतो, हेही पाहावे लागते. ६ जुलै १९२४ च्या रविवारी मैदानावर न दिसलेल्या माणसाचे माप घ्यायचे, तर छावणीतल्या त्या रविवारी मैदानावर दिसलेल्या माणसाकडेही पाहावे लागेल.